वार्धक्यात आलेल्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढावे काय?

गोदाकाठ :
पक्षाघातानंतर वडिलांच्या डाव्या हाताची मूठ अजूनही पूर्ण उघडत नाही. सदऱ्याची बटणे आई लावते आणि इंदिरानगरातील दुसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली उतरवायचे तर दोघे जण लागतात. तरीही दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा विषय काढला की नातेवाईक म्हणतात, ‘वय झाले की हे चालायचेच.’ मला हे मान्य नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, कंपवाताचाही त्यात समावेश आहे आणि वयाची वरची मर्यादा कोठेही घातलेली नाही. दिव्यांगत्व किमान ४० टक्के ठरले, तर आई-वडिलांना सांभाळणाऱ्या मुलाला जुन्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची वजावट मिळते, आणि औषधांवर पगार खर्च होणाऱ्या घरात ती नगण्य नसते.

सिडकोकर :
वजावट कर भरणाऱ्यांना, बाकीच्यांचे काय? केंद्राचे दिव्यांग निवृत्तिवेतन दरमहा ३०० रुपये, त्यासाठीही दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के दिव्यांगत्व या अटी. एवढ्यासाठी घरोघरचे म्हातारे तपासणीला नेले, तर ज्या तरुणांचे शिक्षण आणि नोकरी त्याच कागदावर अडून आहे, त्यांची पाळी आणखी लांबेल.

निवृत्त परिचारिका :
आपण दोघेही कागदावरच अडकला आहात. बहुतेक घरांत हे अपंगत्व एका रात्रीत येत नाही. रक्तदाबाची गोळी ‘आता बरे वाटते’ म्हणून परस्पर बंद होते, मधुमेहात पायाची संवेदना गेलेली असल्याने चपलेने पडलेली जखम चिघळेपर्यंत कळत नाही, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत लांबते. आणि पक्षाघातानंतर ज्या पहिल्या काही महिन्यांत व्यायामोपचाराचा सर्वाधिक उपयोग होतो, त्याच काळात रुग्णाला ‘विश्रांती’ म्हणून अंथरुणावर ठेवले जाते. सत्तरी ओलांडलेल्यांच्या आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार होतात खरे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर; रोजची गोळी आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्ट यांचा खर्च खिशातूनच करावा लागतो. प्रमाणपत्र जरूर काढा, मात्र भांडायचे असेल तर या खर्चासाठी भांडा.

गोदाकाठ :
परिचारिकाताईंचे म्हणणे पटते. फक्त अपंगत्व येऊन चुकलेल्यांना ते उशिराचे आहे. सिडकोकर, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस कोणाची नोकरी किंवा प्रवेशाची जागा अडवणार आहे?

सिडकोकर :
जागा नव्हे, तपासणाऱ्या डॉक्टरांचा वेळ म्हणतो आहे मी. तो अपुरा आहे हे तर आपणही नाकारणार नाही. अंथरुणाला खिळलेल्यांची तपासणी घरी आणि इतर वृद्धांची प्रभागातील दवाखान्यात, ठरलेल्या वारी होणार असेल, तर माझा आक्षेप उरत नाही. तोवर माझे मत कायम आहे.