मदत हवी आहे: रास्पबेरी पायसाठी क्रॉस-कंपाइल करताना जीलिबसीची (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीची) अडचण

मंडळी, उबुंटू 22.04 वर सी++ प्रोग्रॅम बिल्ड करून रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकावर चालवायचाय. पायवर 64 बिटी बुल्सआय (डेबियन 11 वरची ओएस) आहे. सीमेक या बिल्ड टूलच्या टूलचेन फाइलमध्ये सिस्टिम, प्रोसेसर, कंपायलर सगळं दिलंय. बिल्ड बिनबोभाट होतो, पण पायवर चालवला की 'जीलिबसी 2.34 सापडत नाही' म्हणून लगेच बंद. साहजिकच आहे, उबुंटूत 2.35 आणि बुल्सआयमध्ये 2.31. म्हणून पायचे लिब आणि यूएसआर फोल्डर आरसिंकने कॉपी करून आणून सिसरूट म्हणून (म्हणजे बिल्ड करताना लायब्ररी जिथून घ्यायच्या ते फोल्डर) दिले, जुना बिल्ड फोल्डर पुसून पुन्हा कॉन्फिगर केलं. तरी लिंकर (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडणारं टूल) उबुंटूचीच जीलिबसी उचलतोय! पायवरच बिल्ड करायला फार वेळ लागतो, ते नको. बुल्सआयच्या डॉकर कंटेनरमध्ये (उबुंटूवरच चालणाऱ्या वेगळ्या बंदिस्त सिस्टिममध्ये) क्रॉस-कंपायलर टाकू, की सिसरूटमध्येच काही राहिलंय? कोणाची चालती टूलचेन फाइल असेल तर प्लीज दाखवा.