मिनिएचरमध्ये दुर्घटना दाखवली की लोक "किती क्यूट" म्हणतात, काय करू?

सुईदोरा:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी नऊ-दहा वर्षं मिनिएचर करतेय, एकास बारा स्केलमध्ये, म्हणजे खरी एक फुटाची वस्तू माझ्याकडे एक इंचाची. आजवर स्वयंपाकघरं, पुस्तकांची खोली, गच्ची असलंच केलं. पण राणा प्लाझा डोक्यातून जातच नव्हतं. ढाक्याजवळ सावरला २४ एप्रिल २०१३ ला आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी तडे दिसले होते, खालची बँक आणि दुकानं बंद ठेवली, पण वरच्या शिलाई कारखान्यांतल्या लोकांना मात्र कामावर बोलावलं आणि नऊ वाजायच्या आत सगळं खाली. ११३४ माणसं गेली, त्यात बायका जास्त.

मी ढिगारा केला नाही, त्याच्या आधीची खोली केली. मशीनच्या दोन रांगा, अर्धवट शिवलेल्या बाह्या, खुर्चीच्या पाठीवर टाकलेली एक ओढणी, घड्याळात पावणेनऊ, आणि मागच्या खांबावर वरून खाली आलेला तडा. त्या तड्यालाच तीन रात्री गेल्या, ब्लेडने चिरायचं, करडी पावडर भरायची, ओल्या ब्रशने पुसायचं, परत चिरायचं.

प्रदर्शनात ठेवलं तर दिवसभर एकच, अय्या किती गोड, चाक फिरतं का हो! फोटो काढून पुढे. आणि संध्याकाळी एक बाई म्हणाल्या, "इथे तडा गेलाय बघा, आणताना धक्का लागला का?" मला काही बोलताच आलं नाही. घरी येऊन खूप रडले. खरंच विचारतेय, हे माध्यमच चुकीचं आहे का? मेलेल्या माणसांचं मी खेळणं तर करत नाहीये ना? आत माणसं ठेवू का? पाटी लावू का?

देवदार:
ताई, त्या बाईंनीच तुमचं काम सगळ्यात नीट बघितलं असं मला वाटतं. बाकीचे मशीन बघत होते, त्यांना तडा दिसला. आणि दिसल्यावर त्यांना वाटलं काहीतरी किरकोळ झालंय. तिथल्या कामगारांनाही हेच सांगितलं होतं ना, की इमारतीला काही होत नाही, कामाला या.

माध्यमाचं म्हणाल तर फ्रान्सेस ग्लेसनर ली यांचं काम बघा. १९४० च्या दशकात त्यांनी संशयास्पद मृत्यूंच्या खोल्या केल्या, तुमच्याच स्केलमध्ये, पोलिसांना तपास शिकवायला. टाचण्यांवर मोजे विणले, मृत माणसाच्या चेहऱ्याचा रंगही मृत्यूच्या कारणाप्रमाणे दिला. त्यातल्या १८ बाल्टिमोरला आहेत, २०१७ मध्ये वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत लोकांना बघायला मिळाल्या. ज्यांच्या मरणाकडे एरवी कोण लक्ष देणार अशा बायका, गरीब माणसं त्यात बरीच आहेत. तिथेही पहिल्यांदा बाहुलीघरच दिसतं. मग माणूस वाकतो, आणि वाकल्यावर पटकन मागे सरकता येत नाही. गोड वाटणं हा उंबरा समजा, लोक आत येतायत ते त्यामुळेच.

काळीशाई:
मी थोडं वेगळं सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. पाटी हवीच. तारीख, ठिकाण, आकडा, बास. ज्याला ती घटना माहीतच नाही त्याने शिवणयंत्र बघून गोड म्हटलं तर त्याचा काय दोष? पाटीशिवाय ठेवणं म्हणजे बघणाऱ्याची परीक्षा घेणं, आणि इतक्या मोठ्या अन्यायाबद्दल परीक्षा घेऊ नये, सरळ सांगावं.

दुसरं, कोणा एका ओळखू येईल अशा माणसाची वस्तू करू नका, म्हणजे बातमीतल्या फोटोतली ओढणी बघून तीच केली असं काही. घरच्यांना विचारल्याशिवाय तो हक्क आपल्याला नाही. ली यांनीसुद्धा खऱ्या प्रकरणांवरून केलं पण तपशील बदलले होते.

सुईदोरा:
@काळीशाई, ओढणी माझ्या मनातली आहे, फोटोवरून नाही घेतली. पण बरं झालं बोललात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

पिंपळपान:
माणसं ठेवू नका! मोहम्मद हाफिझ यांचं काम बघितलंय का? दमास्कसमध्ये जन्मलेले, अमेरिकेत आर्किटेक्ट. व्हिसामुळे घरी जाता येईना म्हणून सुरुवातीला आठवणीतल्या गल्ल्या करायचे, नंतर युद्धात तीच शहरं पडायला लागली तशा त्यांच्या भिंतीही पडक्या झाल्या. २०१७ ला त्यांनी आणि अहमद बद्र यांनी निर्वासित कुटुंबांच्या घरांच्या खोल्या उघड्या सुटकेसमध्ये मांडल्या, आणि हेडफोनवर त्याच कुटुंबांच्या गोष्टी. खोल्या रिकाम्या, आवाज माणसांचा. तिथे कुणी चाक फिरतं का विचारणार नाही.

तुम्हालाही आवाज वापरता येईल. त्या सकाळी वीज गेली, मग वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि थोड्याच वेळात इमारत पडली. मशीनचा खडखडाट, मग एकदम शांत, मग जनरेटर. पुढचं काही ऐकवायची गरजच नाही.

गेरूमाती:
मी लघुचित्रं काढते, त्या बाजूने सांगते. आमच्याकडे हा प्रश्न उलटा येतो, लोकांना वाटतं लघुचित्र म्हणजे राजे-राण्या आणि बागा. ब्रिटनमधल्या सिंग ट्विन्स या जुळ्या बहिणींनी १९९८ मध्ये त्याच शैलीत जून १९८४ चा सुवर्णमंदिरावरचा हल्ला रंगवला. लांबून भरजरी पान, जवळ गेलं की काय चाललंय ते कळतं. आणि लाहोरला लघुचित्र शिकलेले इम्रान कुरेशी यांनी २०१३ ला न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या गच्चीवर लाल रंग शिंपडला, उभ्याने बघितलं तर रक्ताचे डाग, खाली वाकलं तर त्याच डागांतून लघुचित्रातली पानं उमलतायत. लोक त्यावरून चालत होते. मी फक्त फोटो बघितलेत, तरी पाय कुठे ठेवायचा असं झालं.

तेव्हा ताई, लांबून काय दिसतं आणि जवळून काय, याचा हिशोब परत करा. तुमच्याकडे मशीन पुढे आणि तडा मागे आहे. बॉक्स फिरवा. खांब काचेजवळ आणा, त्या तड्याच्या बाजूनेच मशीन दिसू देत. आणि टेबल उंच करा, डोळ्याच्या रेषेत आलं की वरून बघता येत नाही. वरून बघितलं की खेळणंच वाटतं.

सुईदोरा:
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस हेच वाचतेय परत परत. काल मागची भिंत सोडवली, खांब पुढे घेतला. रांगा आता तड्याआडून दिसतात आणि मला स्वतःलाच बघवेना थोडा वेळ. पाटी लिहिली, तीन ओळी. माणसं नाहीच ठेवणार, ओढणी राहू देते. तडा आहे तसाच, आणि आता कुणी धक्का लागला का विचारलं तर सांगेन, नाही, तो आदल्या दिवसापासून होता.

@पिंपळपान, आवाजाचं करतेच. शिलाई मशीनचा मी रेकॉर्ड केलाय. कुणाकडे डिझेल जनरेटरचा आहे का? जुना, सुरू होताना धडधडणारा हवाय, नुसता घरघरणारा नको.