अनुभव धागा: शँकवाइलर्स आणि उघड्यावरचा सिनेमा

रीळ_आणि_दिवा
गवतात रांगेने उभे असलेले गंजके स्पीकरचे खांब, असा एक जुना फोटो आज समोर आला आणि ड्राइव्ह-इनचं, म्हणजे गाडीत बसूनच बघायच्या उघड्यावरच्या थिएटरचं, सगळं जग परत आठवलं. म्हणून हा धागा.

सुरुवात पेन्सिल्व्हेनियातल्या ओरफील्डच्या शँकवाइलर्सपासून करते. १५ एप्रिल १९३४ ला सुरू झालं, अजून चालू आहे. रिचर्ड हॉलिंग्सहेड यांनी पेटंट घेऊन न्यू जर्सीत कॅमडेनजवळ ६ जून १९३३ ला जे पहिलं ड्राइव्ह-इन काढलं, ते १९३६ मध्येच बंद पडलं. त्यामुळे चालू असलेल्यांत सगळ्यांत जुनं हेच.

याचा इतिहास समजून घ्यायचा तर आवाजाच्या मागे मागे जावं. आधी दोन खांबांना ताणलेला पडदा, टेबलावर प्रोजेक्टर आणि एकच कर्णा. १९४८ ला गाडीगणिक स्पीकर. १९८२ ला गाडीच्या एएम रेडिओवर आवाज. १९८६ ला एफएम स्टिरिओ, आणि एफएमवर जाणारं हे पहिलंच ड्राइव्ह-इन. मधे १९५५ च्या ऑगस्टमध्ये डायान वादळाने पडदा आणि प्रोजेक्शनची खोली दोन्ही आडवी केली. परत बांधताना सिनेमास्कोपला (खूप रुंद चित्राच्या सिनेमाला) पुरेल असा रुंद पडदा घातला. तुमच्याकडचं लिहा, तांत्रिक असेल तर फारच छान.

ओहम
कर्णा का टिकला नाही ते सांगतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पडद्यापासून १०० मीटरवरच्या रांगेत तो जवळजवळ ०.३ सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे चित्र सात फ्रेम पुढे. ओठ मिटले तरी शब्द येतच असतात. मागच्यांना ऐकू जावं म्हणून आवाज वाढवला की पुढच्या रांगेचे कान फुटतात, शिवाय आसपासच्या घरांच्या तक्रारी. गाडीतल्या स्पीकरने तिन्ही प्रश्न एकदम सुटले.

गवळण७
वा! वाचतेय. भाजी फोडणीला टाकून येते.

जंक्शनबॉक्स
खांबावरचे जुने स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांसाठी. दोन गाड्यांच्या मधे एक खांब, त्यावर बॉक्स, बॉक्सात छोटा ट्रान्सफॉर्मर, दोन बाजूंना दोन स्पीकर. आवाज फाटका येत असेल तर आधी कोन (स्पीकरचा थरथरणारा शंकू) बघा. कागदी कोन ओल धरून फुगतो आणि व्हॉइस कॉइल (कोनाला चिकटलेलं तारेचं वेटोळं) चुंबकाच्या फटीत घासायला लागते. कोन ठीक असेल तर वायर बघा: कवचातून बाहेर पडते तिथेच आतल्या तारा तुटतात, कारण रोजचा पीळ तिथे बसतो. एकच खांब बंद असेल तर दोष त्या बॉक्सात. एका खांबापासून पुढची सगळी रांग बंद असेल तर जमिनीतल्या केबलच्या सांध्यात पाणी शिरलंय. आणि स्पीकर काचेवर अडकवलेला तसाच ठेवून गाडी निघाली की वायर तरी जाते नाहीतर काच तरी.

मागची_रांग
स्पीकर फार जड असायचे ना? ॲल्युमिनियमचं कवच ना ते?

जंक्शनबॉक्स
हो, ओतीव. पावसात उघड्यावर राहायचं म्हणजे तेवढं हवंच.

उतारचढ
कोणी जमिनीबद्दल लिहीत नाहीये! खरी करामत तिथे आहे. प्रत्येक रांग म्हणजे कमानीसारखा वळलेला मातीचा बांध. पुढची चाकं बांधावर चढली की गाडीचं नाक वर होतं आणि नजर पुढच्या गाडीच्या टपावरून जाते. दोन बांधांमधे सुमारे ४० फूट लागतात: गाडीची लांबी आणि मागून दुसरी गाडी निघायला वाट. हॉलिंग्सहेड यांनी घराच्या अंगणात चाकांखाली ठोकळे घालून हाच कोन शोधला होता, आणि पावसात कसं दिसेल ते बघायला गाडीवर पाण्याचा फवारा सोडला होता. बांधाची देखभाल नाही केली तर माथा झिजतो. मग मागच्यांना पडद्याचा तळ दिसेनासा होतो, आणि परदेशी सिनेमा असेल तर सबटायटलं गेलीच.

कायदाप्रेमी
पेटंट क्रमांक १९०९५३७. त्या बांधांवरच तर खटला झाला. १९४९ ला अपील कोर्टाने पेटंट रद्द ठरवलं. नाट्यगृहात वळणदार रांगा आणि उतार आधीपासून होतेच, तीच मांडणी गाड्यांना लावली म्हणून शोध होत नाही, असा मुद्दा. रॉयल्टीची भीती गेली, आणि १९५८ पर्यंत अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन झाली.

मागची_रांग
मग एवढी बंद का पडली? टीव्ही?

कायदाप्रेमी
टीव्ही, पुढे व्हिडिओ, आणि जमिनीचे भाव. पण घड्याळ विसरू नका. १९६६ चा कायदा झाला आणि १९६७ पासून बहुतेक राज्यांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे. जूनमध्ये पेन्सिल्व्हेनियात साडेआठनंतर सूर्य मावळतो, खेळ नऊनंतर. दोन सिनेमे दाखवायचे तर मध्यरात्र उलटून जाते. लहान मुलं घेऊन येणारं कुटुंब तिथेच गळतं. वाईट वाटतं.

रीळ_आणि_दिवा
म्हणूनच शक्यतो पडद्याचं तोंड पूर्वेला ठेवतात. मावळतीचं ऊन पाठीवर, पडदा स्वतःच्या सावलीत, खेळ थोडा लवकर सुरू करता येतो.

गवळण७
आले. कोणी प्रत्यक्ष जाणार असेल तर गाडीच्या बॅटरीचं काय करायचं? भावाला सुट्टीत जायचंय तिकडे.

ओहम
ताई, बॅटरीवर चालणारा एफएम रेडिओ न्यायला सांगा, सगळ्यांत सोपं. गाडीचाच लावायचा तर ब्रेक न दाबता गाडी सुरू करायचं बटण दाबायचं, म्हणजे इंजिन सुरू न होता फक्त रेडिओ लागतो. काही गाड्या थोड्या वेळाने तो आपोआप बंद करतात, परत लावावा लागतो. दिवसाचे दिवे आपोआप लागत असतील तर बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू करण्याआधी हँडब्रेक ओढला की विझतात. मागचं दार उघडून बसायचं तर ते टपाच्या उंचीपर्यंतच, दोरीने बांधून. पूर्ण उघडलं की मागच्याचा पडदा गेला.

गवळण७
दोरी! लिहून ठेवलं. खूप आभार 🙏

कार्बन_आर्क
प्रोजेक्टरच्या दिव्याबद्दल राहिलंच. पडदा एवढा मोठा आणि एवढा लांब की साधा दिवा पुरतच नाही. कार्बनच्या दोन कांड्यांमधे ठिणगी पेटवायची, मागे आरसा. कांडी जळत जाते, फट सतत सांभाळावी लागते, नाहीतर पडदा कधी निळसर तर कधी तपकिरी. ३५ मिमीचं २००० फुटांचं रीळ २२ मिनिटांत संपतं, म्हणून प्रोजेक्टर दोन. उजव्या कोपऱ्यात वर पहिला ठिपका आला की दुसऱ्याची मोटर चालू, सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की बदल. हे हाताने करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे. उष्णतेने फिल्म गेटमधे (दिव्यासमोर फिल्म धरणाऱ्या चौकटीत) फुगते आणि चित्राचा फोकस सटकतो, म्हणून मोठ्या दिव्यांना गेट पाण्याने थंड ठेवायचे.

उतारचढ
आणि २०१३ च्या सुमारास फिल्मच्या प्रिंट यायच्या थांबायला लागल्यावर लहान मालकांपुढे दोनच वाटा: डिजिटल प्रोजेक्टर घ्या नाहीतर कुलूप लावा. शँकवाइलर्सने घेतला.

मागची_रांग
धुकं पडलं तर डिजिटल तरी काय करणार?

कार्बन_आर्क
काही नाही. किरण धुक्यातच पसरतो, पडद्यावर राखाडी. पण आधी प्रोजेक्शनच्या खोलीच्या काचेवर हात फिरवून बघा. पुष्कळदा धुकं नसतंच, काचेला बाहेरून दव धरलेलं असतं. काचेवर कोरड्या गरम हवेचा झोत सोडला की चित्र परत स्वच्छ.