‘नाइट’ला शिलेदार म्हणावं का?

विचारणा : विल्यम मार्शल या १२व्या शतकातल्या इंग्रज नाइटवर लिहिते आहे. ‘सरदार’ म्हटलं की तो सुरुवातीपासूनच बडा वाटतो, ‘घोडेस्वार’ अगदीच किरकोळ. ‘शिलेदार’ चालेल?

उत्तर : अर्धवट चालेल. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा नि हत्यारं घेऊन चाकरीला येणारा. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसतो तो बारगीर. मार्शल धाकट्या मुलांपैकी, म्हणजे वडिलांच्या जमिनीची आशा नाही. नॉर्मंडीत टँकरव्हिलच्या विल्यमकडे तो वाढला आणि ११६६च्या सुमारास नाइट झाला. पहिल्याच लढाईत घोडा मेला, धन्याने दुसरा दिला नाही, तेव्हा अंगावरचा झगा विकून त्याने साधं तट्टू घेतलं. आपल्या हिशेबाने त्याची शिलेदारी तिथेच बुडाली असती. नाइटपण मात्र शाबूत राहिलं, कारण ते कमरेला तलवार बांधण्याच्या विधीने मिळायचं. घोडा कोणाचा, हा प्रश्नच नाही.

दुसरे उत्तर : पण पोट घोड्यावरच होतं! टूर्नामेंटला कृपा करून ‘स्पर्धा’ लिहू नका. दोन फौजा मैलोन्‌मैल रानात एकमेकींवर तुटून पडायच्या. पकडलेल्या नाइटचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचं, वर खंडणी. मार्शलने एका साथीदाराशी निम्म्या वाट्याची भागीदारी केली होती. एका मोसमात दोघांनी १०३ नाइट पकडल्याचं त्याच्या चरित्रकाव्यात आहे. मुलाने करवून घेतलेलं काव्य, तेव्हा थोडं मीठ-मसाला धरूनच वाचायचं. तरी या काळातल्या मार्शलला मी बिनदिक्कत शिलेदार म्हणेन.

विचारणा : आणि ‘मार्शल’? ते आडनाव की हुद्दा?

उत्तर : हुद्दा. जुन्या जर्मानिक बोलींत ‘घोडा’ आणि ‘चाकर’ मिळून तो शब्द झाला, म्हणजे मुळात आपला मोतद्दार. पुढे राजाच्या पागेचा प्रमुख, आणि वतनासारखा तो घराण्याकडेच राहिला. विधानसभेत गोंधळी आमदारांना उचलून बाहेर नेणारे मार्शल त्याच शब्दाचे वारस.

विचारणा : उत्तरायुष्यात कोणता शब्द?

उत्तर : ११८९मध्ये इझाबेल द क्लेअरशी लग्न झालं, तिच्या वारशाने वेल्स नि आयर्लंडमधला मोठा मुलूख हाती आला. ११९९मध्ये तो पेम्ब्रोकचा अर्ल, म्हणजे वरच्या दर्जाचा इंग्रज उमराव, झाला. इथून पुढे ‘सरदार’ शोभतो. १२१६मध्ये राजा जॉन मेला, गादीवर ९ वर्षांचा हेन्री. राज्य मार्शलने सांभाळलं आणि १२१७मध्ये सत्तरीच्या उंबरठ्यावर लिंकनच्या लढाईत स्वतः घुसला. ‘रीजंट’ला ‘राजप्रतिनिधी’ कोशात बरोबर आहे, पण वाचताना व्हाइसरॉय आठवतो. सवाई माधवरावांच्या बालपणाचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला ‘कारभारी’ चटकन कळेल. फक्त बारभाईंसारखं मंडळ डोळ्यांपुढे यायला नको. इथे मुख्य जबाबदारी एकट्याची होती.

तिसरे उत्तर : ‘सर’ लावणार असाल तर पहिल्या नावाला लावा. सर रामकृष्ण म्हणतात, नुसतं ‘सर भांडारकर’ नाही.

विचारणा : ‘सर’ नको, अर्लला तो कमीच पडेल. शीर्षकात आणि पहिल्या उल्लेखात ‘नाइट’, टूर्नामेंटच्या प्रकरणात ‘शिलेदार’, पुढे ‘अर्ल’ आणि ‘कारभारी’ असं ठरवते. १२१९मध्ये मृत्युशय्येवर त्याने टेम्पलरांची, म्हणजे शस्त्रधारी ख्रिस्ती संन्यासी पंथाची, दीक्षा घेतली, तिथे ‘गोसावी’ लिहायचा मोह होतोय.

उत्तर : हत्यारबंद गोसावी आपल्याकडे होते खरे, पण टेम्पलर पोपच्या आज्ञेतले. ‘टेम्पलर’च ठेवा.