‘स्पर्धांच्या तयारीने गणित नासतं’ म्हणणाऱ्यांना उत्तर

मूळसंख्या
परवा एका सदस्याने इथे लिहिलं की स्पर्धांच्या तयारीने मुलांचं गणित नासतं. मुद्दे तीन : मुलांना ओढ गणिताची नसते, पदकाची असते, तयारी म्हणजे युक्त्यांचं पाठांतर, आणि घड्याळ लावून गणित होत नसतं. खाली ‘अगदी मनातलं लिहिलंत’ म्हणणाऱ्यांची रांग. वाचून डोकं तापलं. तिथे प्रतिसाद लांबत चालला म्हणून हा वेगळा धागा.

मी दर आठवड्याला आठवी-नववीच्या मुलांबरोबर स्पर्धेचे प्रश्न घेऊन बसतो. एकदा हा दिला होता : १० × १० चा पट, आणि इंग्रजी टी आकाराचे चार-चार घरांचे तुकडे. पूर्ण पट भरून दाखवा. एका मुलीने चौकटीच्या वहीत कडेपासून तुकडे काढायला घेतले. शेवटी चार घरं उरली, पण टी बसेल अशी नाहीत. खोडलं, मधूनच सुरुवात केली, पुन्हा तेच. बराच वेळ खोडरबर चालल्यावर ती एकदम म्हणाली, “पण हे जमतच नसेल तर?” मी काही बोललो नाही. शेजारच्या मुलाने बुद्धिबळाच्या पटासारखी घरं काळी-पांढरी रंगवली. कसाही ठेवा, तुकडा एकतर एक काळं घर झाकतो नाहीतर तीन, म्हणजे विषमच. तुकडे लागणार २५. पंचवीस विषम संख्यांची बेरीज विषम. आणि काळी घरं ५०. संपला विषय.

‘जमत नाही’ हे नुसतं म्हणायचं नसतं, ते सिद्ध करता येतं, हे त्या मुलांना पाठ्यपुस्तकाने कधी सांगितलं नव्हतं. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात पदक होतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा येऊन शेजारी बसावं.

घड्याळाचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या शाळकरी मुलांच्या स्पर्धेत, दोन दिवस, रोज साडेचार तास, आणि रोज फक्त तीन प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास. शाळेच्या परीक्षेत दीड तासात किती प्रश्न उरकावे लागतात? इराणच्या मरियम मिर्झाखानीने तिथे १९९४ मध्ये ४२ पैकी ४१ आणि १९९५ मध्ये पुरते ४२ गुण मिळवले, आणि ती स्वतःला संथ विचार करणारी म्हणायची. पुढे २०१४ मध्ये फील्ड्स पदक, गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान. तिला स्पर्धेने नासवलं का?

खडूफळा
मिर्झाखानीचं अर्धंच सांगितलंत. माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षी तिला गणितात कमी गुण पडत होते, शिक्षिकेला तिच्यात विशेष काही दिसत नव्हतं, आणि तिचा गणितातला रस उडाला होता. पुढच्या वर्षी चांगली शिक्षिका मिळाली म्हणून ती परत वळली. तिला वाचवलं ते शिक्षिकेने, स्पर्धेने नव्हे.

तुम्ही मिर्झाखानी घेतलीत, मी जून हू हा गणिती घेतो. शाळकरी वयात त्याला आपल्याला गणित येतं असं वाटतच नव्हतं. कवी व्हायचं म्हणून शाळा सोडली. २०२२ मध्ये फील्ड्स पदक. तो तुमच्या स्पर्धेच्या निवड चाचणीत कुठे बसला असता?

मी वर्गात शिकवतो. दरवर्षी निवड चाचणी होते, तीन-चार नावं फलकावर लागतात. दुसऱ्या दिवशी उरलेल्या वर्गाचे चेहरे मी पाहतो. त्यातल्या किती जणांनी त्या दिवशी ‘गणित आपलं नाही’ असं ठरवून टाकलं, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. तुमच्या गटात येतात ती आधीच उत्साही असलेली मुलं. त्यांचा उत्साह दाखवून स्पर्धेचं श्रेय घेऊ नका.

परीघावरचा
मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून लिहितो. धागाकर्त्याचं चित्र खोटं नाही, पण ते पहिल्या वर्षाचं आहे. पुढे काय होतं ते ऐका. आमच्या तयारीत जुन्या प्रश्नांच्या उत्तरांच्या जाड फाइली असायच्या. प्रश्न वाचायचा, थोडा वेळ पेन चावायचं, आणि पान उलटायचं. उत्तर वाचून ‘अच्छा, असं होय’ म्हणायचं आणि पुढचा. संध्याकाळी मोजायचं, आज किती ‘झाले’.

१९८८ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडचा सहावा प्रश्न घ्या. क आणि ख धन पूर्णांक. क² + ख² ला कख + १ ने निःशेष भाग जात असेल, तर भागाकार पूर्ण वर्ग असतो हे दाखवा. त्या वर्षी तो पूर्ण सोडवणारे अकराच निघाले. पुढे जगप्रसिद्ध गणिती झालेल्या तेरेन्स टाओला सुवर्ण मिळालं, पण या प्रश्नात त्याला सातपैकी एक गुण होता. आज तयारी केलेला कोणताही मुलगा ‘व्हिएटा जंपिंग’ असं त्या युक्तीचं नाव घेतो आणि दोन परिच्छेदांत संपवतो. तो टाओपेक्षा हुशार झाला का? नाही. त्याला किल्ली हातात मिळालीय. मला हे सगळं येत होतं. विद्यापीठात गेल्यावर ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच फाइलीत नाही असा प्रश्न समोर आला, आणि मी पान उलटायला पाहत होतो.

लसावि
परीघावरचा, तुमचा दोष स्पर्धेचा नाही, पान उलटण्याचा आहे. उत्तर पाहायचंच नसतं. मुळीच नाही. एक प्रश्न महिनाभर डोक्यात राहिला तर राहू द्यावा. मी काही प्रश्न वर्षभर बाळगलेत आणि ते सुटले त्या दिवशीचा आनंद फाइलीवाल्यांना कधी कळणार नाही. उत्तर वाचलेला प्रश्न कायमचा मेला. तो पुन्हा सोडवता येत नाही.

त्रिज्या
लसावि, हाच सल्ला माझ्या मुलीला तिच्या मार्गदर्शकांनी दिला होता. ‘पाहू नकोस, विचार कर.’ ती एका असमानतेच्या प्रश्नावर अडकून बसली. रोज वही उघडायची, तीच ओळ पुन्हा लिहायची, वही मिटायची. तिला ज्या साधनाची गरज होती ते तिने कधी पाहिलंच नव्हतं, मग ते सुचणार कुठून? कॉशीची असमानता, असे प्रश्न सोडवायचं एक नेहमीचं साधन, बसल्या जागी स्वतः शोधून काढ असं कुणी मोठ्या माणसाला तरी सांगतं का? शेवटी तिने गटात जाणंच सोडलं. त्या गटात ती एकटी मुलगी होती, त्यामुळे ‘मलाच येत नाही’ हे तिने स्वतःशी पक्कं करून टाकलं. आसपास कुणी अडकलेलं तिला दिसलंच नाही, कारण मुलगे अडकले की गुपचूप फाइल पाहायचे.

गाणं शिकणाऱ्याला गुरूचं गाणं ऐकू नकोस असं सांगता का?

लसावि
भावनिक उदाहरणं देऊन मुद्दा सिद्ध होत नाही. तुमच्या मुलीला चुकीच्या पातळीचा प्रश्न दिला गेला. साधन माहीत नसेल तर आधी साधन शिकवा. प्रश्नाचं उत्तर दाखवणं हा त्यावरचा उपाय नाही. आणि खरं सांगायचं तर अडकून बसणं ज्याला सोसत नाही, त्याने या वाटेला जाऊच नये.

त्रिज्या
‘त्याने या वाटेला जाऊच नये.’ हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. तेरा वर्षांच्या मुलीबद्दल लिहिलंय तुम्ही. अशाच माणसांमुळे मुली बाहेर पडतात आणि मग तुम्हीच विचारता, मुली का दिसत नाहीत. युरोपात २०१२ मध्ये केंब्रिजला मुलींसाठी वेगळं ऑलिंपियाड सुरू करावं लागलं, ते हौस म्हणून नाही.

खडूफळा
त्रिज्या, पूर्ण सहमत. मूळसंख्या, मी म्हणत होतो ते हेच.

वजाबाकी
थोडं अवांतर. २०२५ च्या ऑलिंपियाडचे प्रश्न गूगल डीपमाइंडच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने सोडवले, सहापैकी पाच, ३५ गुण, सुवर्णाच्या पातळीचे. मग मुलांनी एवढं झिजायचं कशासाठी?

परीघावरचा
वजाबाकी, यंत्र धावतं म्हणून कुणी पळायचं सोडलेलं नाही. मुलं प्रश्न सोडवतात ते जगाला उत्तर हवं असतं म्हणून नाही. कृपया मूळ वादावर या.

लसावि, तुमच्याशी मी निम्माच सहमत. पान उलटणं वाईट, हे मीच लिहिलं होतं. पण ‘मुळीच पाहू नका’ म्हणजे १९८८ चा तो प्रश्न प्रत्येक मुलाने शून्यातून सोडवावा अशी अपेक्षा आहे. ऑस्ट्रेलियात तो प्रश्न निवडण्याआधी तिथल्या संख्या-सिद्धांताच्या चार तज्ज्ञांना सहा तास दिले होते, त्यांनाही सुटला नाही. मुलांनी काय करावं?

लसावि
तज्ज्ञांना सुटला नाही म्हणून मुलांनी प्रयत्न करू नये? अकरा मुलांना सुटला ना!

परीघावरचा
आणि बाकीचे? ते नालायक?

मूळसंख्या
दोघेही थांबा. धागा मुलांच्या उत्साहावर होता, तो उत्तर पाहावं की नाही यावर गेलाय. पण आता गेलाच आहे तर नीट बोलू.

उत्तर दाखवणं आणि न दाखवणं यांच्या मध्ये खूप जागा आहे. आमच्या गटात उत्तराची पहिली ओळ दाखवतो आणि बाकीचं झाकून ठेवतो. ‘भागाकार स्थिर धरा, आणि तो भागाकार देणाऱ्या जोड्यांपैकी सर्वांत लहान बेरजेची जोडी घ्या’, एवढीच ओळ. मग पुन्हा विचार. फार तर पुढची ओळ : ‘आता जोडीतल्या मोठ्या संख्येकडे वर्गसमीकरणाचं मूळ म्हणून पाहा, दुसरं मूळ कोणतं?’ एवढ्यावर अनेकांचे डोळे उघडतात. जोडी सर्वांत लहान धरली होती, आणि भागाकार पूर्ण वर्ग नसेल तर दुसरं मूळ त्याहून लहान जोडी देतं, म्हणजे विसंगती. आणि परीघावरचा, ही फक्त किल्ली नाही हो. लहानातलं लहान धरून त्याहून लहान काढणं हे फ्रेंच गणिती फर्मा याने सतराव्या शतकात केलंय. ज्या मुलाला हे नातं दिसलं त्याला युक्ती मिळालेली नाही, विचार मिळालाय. तुमच्या फाइलीत नुसतं नाव होतं, नातं नव्हतं.

दुसरं, उत्तर वाचल्यावर काही दिवस जाऊ द्यायचे आणि वही न पाहता पूर्ण सिद्धता लिहायची. प्रत्येक ‘म्हणून’पाशी थांबायचं, का म्हणून? निम्म्या मुलांना तिथे कळतं की वाचताना समजलं असं नुसतं वाटलं होतं. तो प्रश्न मेलेला नसतो, लसावि.

आणि त्रिज्या, तुमच्या मुलीला कुणी सांगायला हवं होतं की ऑलिंपियाडला पोचलेल्या सुमारे निम्म्या मुलांना पदक मिळत नाही, आणि एक प्रश्न पूर्ण सोडवला तरी सन्माननीय उल्लेख होतो. अडकणं हीच तिथली नेहमीची अवस्था आहे. अमेरिका-कॅनडातल्या पटनम गणित स्पर्धेत तर क्रमवारीत मधोमध येणाऱ्याचे गुण अनेक वर्षं १२० पैकी शून्य किंवा एक असतात, आणि ती पदवी करणारी मुलं असतात. हे आपण मुलांपासून लपवतो आणि फलकावर फक्त जिंकलेल्यांची नावं लावतो.

त्रिज्या
हे तिला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं. आत्ता ती गणिताचं नाव काढू देत नाही.

लसावि
पहिल्या ओळीची सूचना द्यायला हरकत नाही. पूर्ण उत्तर दाखवायला हरकत आहे, आणि राहील. त्रिज्या, मुलीबद्दलचं वाक्य मागे घेतो. बाकीचा मुद्दा मागे घेत नाही.

खडूफळा
सगळे उत्तरं पाहण्यावर भांडताय आणि माझा प्रश्न कुणी घेतला नाही. मूळसंख्या, आता तुम्ही स्वतःच फलकाविरुद्ध बोललात, म्हणजे माझाच मुद्दा मान्य केलात. मी एवढं मान्य करतो की प्रश्न चांगले असतात, पाठ्यपुस्तकातल्यांपेक्षा फार चांगले. ते वर्गातल्या प्रत्येकाला द्या, गुण न देता, आधी कुणाचं झालं ते न विचारता. मग मी तुमच्या बाजूने. निवड चाचणी मात्र मला मान्य नाही.

मूळसंख्या
प्रश्न सगळ्यांना द्यायला माझी कधीच ना नव्हती, उद्यापासून द्या. पण चाचणीच नको म्हणत असाल, तर ऑलिंपियाडला देशाचा सहा जणांचा संघ कसा पाठवायचा तेही सांगा. ज्या मुलाला तिथवर जायचंय आणि जो त्यासाठी जीव तोडून बसतोय, त्याला ‘बाकीच्यांना वाईट वाटेल’ म्हणून थांबवणार का? त्यावर तुमच्याकडे उत्तर असेल तर धागा काढा, मी नक्की येतो.

खडूफळा
काढतो. आणि त्यात फील्ड्स पदकवाल्यांची नावं आणायची नाहीत, तुम्हीही आणि मीही. वर्गातल्या मुलांबद्दलच बोलू.