कट् आवाज आला म्हणजे मणका बसला, असं नाही

आईंच्या कंबरदुखीसाठी कायरोप्रॅक्टरकडे (हाताने झटका देऊन मणके-सांधे ‘बसवणाऱ्याकडे’) जावं का, असा प्रश्न आहे. त्यावर वर दोघातिघांनी लिहिलंय, की कायरोप्रॅक्टरने मान फिरवली, ‘कट्’ झालं आणि मणका जागेवर बसला. मणके असे रोज उठून सरकत नाहीत हो. सांध्यातल्या द्रवावरचा दाब एकदम कमी झाला की त्यात वायूची पोकळी तयार होते, आवाज तिचा. बोटं मोडताना येतो तोच.

पण म्हणून सगळंच थोतांड, हेही मला पटत नाही. १८९५ साली पामर यांनी अमेरिकेत ही पद्धत सुरू केली तेव्हाचे दावे अचाट होते. आज मात्र कंबरदुखीपुरता तिचा थोडाफार उपयोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनाही मान्य आहे. आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायचे. बरीचशी उसण आपोआपही जाते, श्रेय लाथेला!

मानेला झटका मात्र मी कुणाला देऊ देणार नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं आहेत, क्वचित असली तरी.

आईंसाठी विचारलंय, तर आधी जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक द्या, आधी आपल्या मनगटाला लावून बघा. झोपवून ठेवू नका, घरातल्या घरात चालू द्या. पाय बधिर पडला, ताप आला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर शेकत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.