एआयकडून ट्रेडिंग बॉट लिहून घेतोय, बजेट ५ हजार. सल्ला द्या (नाशिक)

इंदिरानगरकर: नमस्कार मंडळी. ओपनिंग रेंज ब्रेकआउटचा बॉट (आपोआप सौदे करणारा प्रोग्राम) करायचाय. ९:१५ ते ९:३० ची रेंज धरायची, भाव वर फुटला की खरेदी, ३:१५ ला बाहेर. एकच शेअर, भांडवल ५० हजार. पायथन जेमतेम येतं, कोड एआय लिहून देतोय. सेटअपवर ५ हजारांच्या वर जायचं नाही. घरचा जुना पीसी चालेल का? कोडमध्ये नेमकं काय तपासायचं?

गंगापूररोड_काका: जुना पीसी विसरा. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप सेकंडहँड ४० हजारांत बसतो. वर इन्व्हर्टर, वर दुसऱ्या कंपनीचं ब्रॉडबँड. पोझिशन उघडी असताना लाइट गेली तर काय कराल?

सातपूर_पायथन: काका, बजेट ५ हजार आहे हो. एका शेअरसाठी १ जीबी रॅमचा क्लाउड सर्व्हर पुरतो, मुंबई रीजनमधला घ्या. मुख्य कारण लाइट नाहीच, आयपी आहे. सेबीच्या (शेअर बाजाराची नियामक संस्था) फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानंतर एपीआयवरून, म्हणजे प्रोग्राममधून थेट, ऑर्डर टाकायला ब्रोकरकडे स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) नोंदवावा लागतो. घरच्या ब्रॉडबँडचा आयपी राउटर बंद-चालू केला की बदलतो. सेकंदाला १० ऑर्डरच्या आत असाल तर बॉटची वेगळी नोंदणी लागत नाही.

आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असतं. एआय टाइमझोन न लावता ९:१५ लिहून मोकळा होतो, मग बॉट दुपारी पावणेतीनला जागा होतो. 'एशिया/कोलकाता' (भारतीय वेळेचं कोडमधलं नाव) प्रत्येक फाइलमध्ये शोधा.

गंगापूररोड_काका: इन्व्हर्टर तरी घ्याच.

सिडको_स्कॅल्पर: ऑप्शन्समध्ये (ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीच्या हक्काचे करार) या, ५० हजारांत शेअर कसले घेता. निफ्टीची साप्ताहिक एक्स्पायरी (करार संपण्याचा दिवस) आता मंगळवारी असते, एआयला जुना गुरुवारच आठवतो. एवढं बदललं की झालं.

मेरी_अकाउंटंट: नवख्याला ऑप्शन्स? सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अहवालात एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले होते.

आधी खर्च मांडा. ५० हजारांची इंट्राडे (त्याच दिवसातली) खरेदी-विक्री: ब्रोकरेज ०.०३ टक्क्यांनी दोन्हीकडचं मिळून ३० रुपये, विक्रीवर एसटीटी (सौद्यावरचा कर) ०.०२५ टक्क्यांनी साडेबारा, शिवाय स्टॅम्प, एक्स्चेंजचे चार्जेस, जीएसटी. पन्नाशी ओलांडतेच. महिन्याला २० सौदे म्हणजे हजारावर, भांडवलाच्या दोन टक्के. एआयने दिलेल्या बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवरची चाचणी) ही ओळ बहुधा नसतेच.

पिंपळगाव_बसवंत: शेअर सोडा, सोयाबीनवर चालवा. भाव आपल्याला आधी कळतात.

मेरी_अकाउंटंट: सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये थांबवले, भाऊ.

सातपूर_पायथन: मूळ प्रश्नाकडे येतो. "बॉट बनवून दे" असं एआयला सांगू नका. डेटा, सिग्नल, ऑर्डर, लॉग अशा चार फाइली एकेक करून मागा. ब्रोकरच्या एपीआयचं आत्ताचं डॉक्युमेंट चॅटमध्ये चिकटवा, नाहीतर लायब्ररीत नसलेलं फंक्शन बेधडक लिहून देतो. एपीआय सीक्रेट मात्र चॅटमध्ये चुकूनही नाही.

मग तपासणी. कँडल (चार्टवरचा ठरावीक मिनिटांच्या भावाचा पट्टा) बंद झाल्यावर सिग्नल आला तर खरेदी पुढच्या कँडलच्या ओपनला धरायची. त्याच कँडलचा भाव धरला की बॅकटेस्ट सोन्यासारखी दिसते आणि खऱ्या बाजारात झोपते.

दुसरं, अर्धवट भरलेली ऑर्डर. १०० शेअर मागितले, ४० मिळाले, आणि कोडने स्टॉपलॉस (तोटा थांबवायची विक्रीची ऑर्डर) १०० चा लावला. भाव पडला की १०० विकले जातात आणि तुम्ही ६० शेअर शॉर्ट, म्हणजे हातात नसलेले विकून बसलेले. उरलेल्या ६० ची ऑर्डर आधी रद्द, मग मिळाले तेवढ्याचाच स्टॉपलॉस.

तिसरं, ऑर्डर टाकली आणि टाइमआउट आला तर एआयचा कोड सरळ पुन्हा टाकतो. आधी ऑर्डरबुक (ब्रोकरकडची ऑर्डरची यादी) वाचायला लावा, नाहीतर डबल खरेदी. बॉट रीस्टार्ट झाला तरी तेच: पोझिशन स्वतःच्या फाइलमधून नाही, ब्रोकरकडून वाचायची.

सिडको_स्कॅल्पर: टाइमझोन पण बघा. सर्व्हर यूटीसीवर असतो.

सातपूर_पायथन: वर लिहिलंय की राव.

नाशिकरोड_नवखा: असा बॉट मेव्हण्याच्या खात्यावर चालवता येतो का?

मेरी_अकाउंटंट: नाही. स्वतः, जोडीदार, अवलंबून असलेली मुलं आणि आईवडील, एवढंच. मेव्हणा यात बसत नाही.

गंगापूररोड_काका: कॉलेज रोडला मिसळीवर भेटू, तिथेच सगळं समजावतो. लॅपटॉप कुठला घ्यायचा तेही.

इंदिरानगरकर: सगळ्यांचे आभार. खर्चाचा हिशेब बघून ठरवलं: सर्व्हर नाही, लॅपटॉप नाही, ऑप्शन्सही नाहीत. जुन्या पीसीवर बॉट फक्त रेंज मोजेल आणि टेलिग्रामवर अलर्ट टाकेल. ऑर्डर मी मोबाइलवरून हाताने टाकणार, म्हणजे आयपीची भानगडही नको.

सातपूर_पायथन: मग बॉट कशाला म्हणायचं! असो. अलर्टमध्ये भाव आणि कँडलची वेळ दोन्ही छापून घ्या. नेट अडकलं की ९:३५ चा अलर्ट दहाला येतो आणि ताजा वाटतो.